बाळंतिणीला कोणी विचारले नाही



गेली तीस वर्षे मी गेटसभा घेत आलो आहे. बोनस, महागाईभत्ता, ले-ऑफ यांवर मला झोपेतून उठवून बोलायला सांगितले तरी बोलेन. आजचा विषय तसा नाही. पत्रिका वाटली गेल्यावर विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुलावर एका स्नेह्याने मला अडवले आणि म्हणाला, "संततिनियमनाच्या गोळ्या आणि बाळंतपणानंतरचे नवराबायकोचे सुख! अहो, हा डॉक्टरांचा विषय. तुम्ही कशाला पडता यात?" औषध कोणते घ्यावे हे डॉक्टरांनीच सांगावे, हे मला मान्य आहे. परंतु या प्रश्नाला इतिहास आहे, तो बराचसा आपल्या मुंबई इलाख्यात घडला आहे आणि मजूर चळवळीचाही त्याला हात लागला आहे. तेवढे सांगण्याचा अधिकार मी घेतो.

आरंभ रघुनाथ धोंडो कर्व्यांपासून करावा लागतो. १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक होते. या प्रचारापायी १९२५ साली ती नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. मुले कमी व्हावीत असे म्हणणारे त्या काळी आणखीही होते. कर्व्यांचे वेगळेपण असे की, कामसुख हा स्त्रीच्या आरोग्याचा भाग आहे आणि त्यावर तिचा पुरुषाइतकाच हक्क आहे, असे ते उघड लिहीत. वाचक आपल्या अडचणी लिहून पाठवीत आणि कर्वे त्यांना छापील उत्तरे देत. या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर! खटला हरला, दंड झाला, मासिक मात्र थांबले नाही.

पुढची गोष्ट कामगारांनी तरी लक्षात ठेवावी. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला, तो आमच्या वर्गांत शिकवला जातो. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, १० नोव्हेंबरला, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांचे म्हणणे रोहम यांनी सभागृहापुढे मांडले. ठराव फेटाळला गेला. संप आम्ही पाठ केला, ठराव विसरलो.

कर्व्यांच्या केंद्रातील साधने बाहेरून वापरायची होती. त्यांचा त्रास झाला तर तो जागच्या जागी कळे. गोळी आली ती निराळ्या जातीची. ती रक्तात जाते, सर्व अंगात फिरते. १९५६ साली अमेरिकेच्या ताब्यातील पोर्तो रिको बेटावर, गरिबांच्या वसाहतीत, तिची मोठी चाचणी झाली. तेथील डॉक्टर एड्रिस राइस-रे या बाईंनी कळवले की, शेकडा १७ स्त्रियांना मळमळ, घेरी, डोकेदुखी असे त्रास होतात. संशोधक पिंकस यांनी यातले बरेचसे त्रास मनाचे खेळ ठरवले. १९६० साली गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. तिच्यात इस्ट्रोजेनचा अंश ०.१५ मिलिग्रॅम होता. आजच्या आपल्या माला-डीमध्ये तो ०.०३ आहे, म्हणजे एक पंचमांश. त्या बायकांनी सोसले ते मनाचे खेळ नव्हते, हे या आकड्यावरून कळावे.

१९७० च्या जानेवारीत वॉशिंग्टनला सिनेटची गोळीवर चौकशी चालू असता प्रेक्षकांतल्या तरुणी उठल्या आणि गोळी घेणाऱ्या एकाही बाईची साक्ष का नाही, असे ओरडून विचारू लागल्या. त्यानंतर गोळीच्या पाकिटात धोक्यांची चिठ्ठी घालणे तेथे सक्तीचे झाले. आपल्याकडे हैदराबादेजवळ पाटणचेरू येथे नेट-एन या इंजेक्शनच्या चाचणीसाठी बायका जमवल्या होत्या. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्यांनी इंजेक्शनचे परिणाम समजावून सांगताच पुष्कळशा उठून गेल्या. १९८६ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तशाच दुसऱ्या इंजेक्शनला १९९३ साली खाजगी विक्रीची परवानगी मिळाली आणि २०१७ साली 'अंतरा' या नावाने ते सरकारी योजनेत आले. दर तीन महिन्यांनी एक टोचायचे.

आता बाळंतिणीचे पाहू. प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन एकदम उतरते. मूल अंगावर पीत असेपर्यंत ते कमीच राहते. त्यामुळे जागा कोरडी पडते, समागम दुखतो, इच्छाही मंदावते. हा निसर्गच आहे. त्यात औषधाची भर पडते. इस्ट्रोजेनची गोळी दूध कमी करू शकते म्हणून पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ती सहसा देत नाहीत. इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर देता येते. गोळीने इच्छा कमी होते काय? बहुतेकींना फरक जाणवत नाही, काहींची कमी होते, काहींची धास्ती गेल्यामुळे वाढतेही. शास्त्रज्ञांचे यावर एकमत नाही. इंजेक्शनने मात्र पाळी हमखास बिघडते. प्रथम अवेळी डाग, पुढे कित्येकींची बंदच. ज्या घरात बाहेरची बसण्याची चाल अजून आहे, तेथे या डागांचा अर्थ काय होतो हे समोर बसलेल्या भगिनींना सांगायला नको. महिन्यातले पंधरा दिवस देवघर बंद, स्वयंपाकघर बंद आणि नवरा तोंड फिरवून झोपलेला.

सौ.ची परवानगी घेऊन एक घरची गोष्ट सांगतो. १९९८ साली आमचे दुसरे मूल वर्षाचे झाले असता तिने गोळी सुरू केली. नंतर काही महिने ती माझ्याजवळ येईना. मी मनात नाही नाही ते आणले. रात्री मुद्दाम युनियनच्या ऑफिसात बसून राहू लागलो. आमच्यात दीड वर्ष नीट बोलणे नव्हते. कारण गोळीचे होते, अंगावर पाजण्याचे होते की दोन मुले आणि पाण्याच्या रांगेत मोडलेल्या झोपेचे, हे आज सांगता येणार नाही. गोळी देणाऱ्यांनी 'असे काही वाटले तर येऊन सांगा' एवढेही म्हटले नव्हते. पण हे भाषण लिहिताना मी तिला विचारले, तेव्हा तू मला का सांगितले नाहीस? ती म्हणाली, "अहो, तुम्ही विचारलंत कधी?"

मुंबई इलाख्याचा बाळंतपण-लाभाचा कायदा १९२९ चा. त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेब कायदेमंडळात बोलले होते. १९६१ च्या केंद्रीय कायद्यात १२ आठवडे होते, २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी २६ झाले. आठवड्यांसाठी आम्ही भांडलो, याचा मला अभिमान आहे. मात्र रजेवरून परतलेल्या बाईला, नवे औषध तुला मानवते का, असे मी आजवर एकदाही विचारलेले नाही. पुरुष कार्यकर्त्याने विचारावे हे शोभतही नाही. मग त्यासाठी एखादी बाई नेमावी, हेही सुचले नाही.

कर्व्यांच्या मासिकातील प्रश्नोत्तरांची आठवण ठेवून दाराशी एक डबा ठेवला आहे. चिठ्ठीवर नाव घालू नये. आपल्या भागातील एक डॉक्टरीणबाई उद्या सायंकाळी व्याख्यानापूर्वी अर्धा तास याच मंडपात उत्तरे देतील. पुरुषांनीही चिठ्ठ्या टाकाव्यात, डबा एकच आहे.