लाकडी जमीन आणि तिची निगा

राजवाडा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें संगमरवरी फरशी उभी राहते. परंतु फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या व्हर्साय येथील प्रासादांत, १६८४ च्या सुमारास, संगमरवरी फरश्या काढून त्यांच्या जागीं ओकच्या लाकडाची जमीन बसविण्यांत आली. कारण शोभेचें नव्हतें, पाण्याचें होतें. संगमरवर वरचेवर धुवावा लागे. तें पाणी सांध्यांतून खालीं झिरपे, आणि ज्या तुळयांवर सारा भार, त्याच कुजूं लागत. जुन्या वाड्यांत कडीपाटाखालीं ज्यांचें बालपण गेलें आहे, त्यांना माडीवर घागर लवंडली म्हणजे आजीचा आवाज कां चढे, हें निराळें सांगावयास नको.

ही नवी जमीन म्हणजे नुसत्या ओळीनें ठोकलेल्या फळ्या नव्हत. सुमारें एक मीटर लांबरुंद अशी चौकट. तिच्यांत तिरप्या पट्ट्या चटईच्या विणीप्रमाणें एकमेकींत गुंतविलेल्या, आणि कूस-खोबणीनें जोडलेल्या. यांत नक्षीइतकाच व्यवहारही होता. लाकूड हवेंतील ओलावा घेतें आणि सोडतें. त्या वेळीं तें रुंदीच्या अंगानें फुगतें व आकसतें. लांबींत मात्र जवळजवळ फरक पडत नाहीं. त्यामुळें रुंद अखंड फळी वांकते, तडकते. लहान पट्ट्यांच्या चौकटींत तीच हालचाल वाटली जाते.

आतां, जी जमीन धुवावयाची नाहीं ती स्वच्छ ठेवावी कशी? त्याचें उत्तर मेण. मधमाशांचें मेण टर्पेंटाइनमध्यें पातळ करून, किंवा पोटॅशच्या क्षाराबरोबर पाण्यांत उकळून, लाकडावर पसरीत आणि वाळल्यावर घासून चकाकवीत. हें घासण्याचें काम करणारा एक स्वतंत्र नोकरच असे. त्याला फ्रेंच भाषेंत ‘फ्रोतर’, म्हणजे घासणारा, म्हणत. एका पायावर तोल सांभाळून दुसऱ्या पायाला बांधलेला ब्रश तो पुढेंमागें फिरवी. पाहणाराला तें नृत्य वाटे. त्याच्या पोटऱ्यांना तसें वाटत असेल, असें मला वाटत नाहीं. शिवाय हें काम संपत नसे. मेण मऊ, चालून चालून झिजे, आणि पाण्याचा थेंब राहिला कीं पांढरा डाग पडे. इंग्लंडांत पुष्कळ घरीं मेणाच्या वाटेस न जातां फळ्या वाळूनें घासून पांढुरक्या ठेवीत. तेथें पोटऱ्यांऐवजीं मोलकरणीचे गुडघे झिजत, एवढाच काय तो फरक.

या श्रमांकडे कलावंताची दृष्टि वळली ती १८७५ सालीं. पॅरिसच्या गुस्ताव्ह कायबोत या सधन तरुण चित्रकारानें एका रिकाम्या दालनांत जमीन खरवडणारे तीन कामकरी रंगविले. ते उघड्या अंगानें गुडघ्यांवर ओणवले आहेत. खिडकींतून आलेला प्रकाश त्यांच्या पाठींवर आणि खरवडलेल्या पट्ट्यांवर पडला आहे. भोंवतीं लाकडाचीं कुरळीं सालपटें विखुरलीं आहेत, आणि बाजूला मद्याची एक बाटली. ‘सालों’च्या परीक्षकांनीं हें चित्र नाकारलें. शेतकरी चित्रांत चालत असे, शहरांतला मजूर चालत नसे! पुढल्या वर्षीं तें इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या दुसऱ्या प्रदर्शनांत लागलें, तेव्हां प्रख्यात कादंबरीकार एमिल झोला यांनाही त्यांतला काटेकोरपणा रुचला नाहीं. आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत त्यापुढें माणसें थबकून उभीं राहतात.

विसाव्या शतकांत घासण्याचीं विजेचीं यंत्रें आलीं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलियुरेथेनचें कठीण रोगण. फ्रोतरचा धंदा ओसरला. लाकडाचा स्वभाव मात्र तोच राहिला. म्हणून आजही जाणते लोक सांगतात कीं रोज कोरडा मऊ केरसुणीनें केर काढावा, कारण बुटाखालचा वाळूचा कण घासकागदाचें काम करतो. पुसावयाचें झाल्यास फडकें घट्ट पिळून घ्यावें. आणि सांडलेलें पाणी तत्काळ टिपावें. बादलीभर पाणी ओतून जमीन धुणें हें तर चौदाव्या लुईच्या तुळयांनाही मानवलें नाहीं.

रोगण झिजलें म्हणजे जमीन पुन्हां घासून नवी करतां येते. पण कितीही वेळां नव्हे. जीभ-खांचेनें जोडलेल्या पाऊण इंच जाडीच्या फळींत जिभेच्या वरचें लाकूड सुमारें पाव इंचच असतें, आणि प्रत्येक घासणींत त्यांतलें थोडें भुशांत जातें. खिळे त्या जिभेंतूनच मारलेले असतात. त्यांचीं डोकीं वर दिसूं लागलीं, कीं त्या जमिनीवर यंत्र पुन्हां चालवितां येत नाहीं.