जिन्याची मर्यादा: संगणकातली आणि पायाखालची

जिना हा इमारतीतील रोजच्या वापराचा भाग. पण आराखड्यात त्याला बहुधा उरलेली जागा मिळते. जागा अपुरी पडली, की पायऱ्या उंच आणि अरुंद होतात आणि त्याचा त्रास वृद्ध व लहान मुलांना वर्षानुवर्षे सोसावा लागतो. आराखडे संगणकावर तयार होऊ लागल्यापासून हा दोष कागदावरच पकडणे शक्य झाले आहे. मात्र त्यासाठी संगणकाला योग्य मर्यादा सांगाव्या लागतात.

पायरीच्या उभ्या उंचीला रायझर आणि पाय ठेवण्याच्या सपाट भागाला ट्रेड म्हणतात. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार निवासी इमारतीत रायझर १९० मि.मी.पेक्षा जास्त आणि ट्रेड २५० मि.मी.पेक्षा कमी नसावा. शाळा, कार्यालये, सभागृहे अशा इमारतींसाठी हीच मापे अनुक्रमे १५० आणि ३०० मि.मी. आहेत. प्रत्यक्ष मंजुरी मात्र स्थानिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार मिळते. त्यामुळे ती आधी पाहणे आवश्यक ठरते.

मर्यादा कशी बदलावी?

वास्तुविशारदांच्या कार्यालयांत प्रचलित असलेल्या ऑटोडेस्क कंपनीच्या ‘रेव्हिट’ या प्रणालीत जिन्याच्या प्रत्येक प्रकाराला तीन मर्यादा जोडलेल्या असतात: रायझरची कमाल उंची, ट्रेडची किमान खोली आणि जिन्याची किमान रुंदी. जिना निवडून ‘एडिट टाइप’मध्ये गेल्यास त्या बदलता येतात. हा बदल त्या प्रकारच्या सर्व जिन्यांना लागू होतो. म्हणून आधी ‘डुप्लिकेट’ करून नव्या नावाचा प्रकार तयार करणे श्रेयस्कर. तयार प्रकारांत आधीच भरलेली मापे आपल्याकडील नियमांशी जुळतीलच असे नाही.

मजल्याच्या उंचीला कमाल रायझरने भागून प्रणाली पायऱ्यांची संख्या ठरवते. मजल्याची उंची ३,००० मि.मी. आणि मर्यादा १९० असल्यास १६ रायझर येतात, प्रत्येकी १८७.५ मि.मी.चे. मधल्या १५ ट्रेडसाठी ३,७५० मि.मी. लांबी लागते. हीच मर्यादा १५० केल्यास २० रायझर होतात आणि ३०० मि.मी.च्या १९ ट्रेडसाठी ५,७०० मि.मी. लांबी लागते. निवासी इमारतीत शाळा वा कार्यालय थाटताना जुना जिना का पुरत नाही, याचे उत्तर या दोन मीटरच्या फरकात आहे.

इशारा म्हणजे मनाई नव्हे

मर्यादा ओलांडल्यास प्रणाली इशारा देते, पण जिना काढण्यापासून रोखत नाही. इशारा नाहीसा करण्यासाठी मर्यादाच वाढवणे हा सोपा मार्ग असतो. त्याने पडद्यावरील संदेश जातो. पायरीची उंची मात्र कमी होत नाही. सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लाँदेल यांनी माणसाच्या पावलावरून जिन्याचे सूत्र मांडले. दोन रायझर आणि एक ट्रेड यांची बेरीज सुमारे ६०० ते ६५० मि.मी. असावी, असा त्यावर आधारलेला संकेत आजही पाळला जातो. वरील दोन्ही उदाहरणांत ती अनुक्रमे ६२५ आणि ६०० येते.

फरशीचा हिशेब

आणखी एक चूक पडद्यावर दिसतच नाही. जिना स्लॅबपासून स्लॅबपर्यंत मोजला आणि नंतर मजल्यावर ५० मि.मी., तर पायऱ्यांवर २० मि.मी. जाडीचा थर चढला, तर पहिली पायरी ३० मि.मी.ने बुटकी आणि शेवटची तितकीच उंच होते. १८७.५ ऐवजी १५७.५ आणि २१७.५! सवयीने पडणारे पाऊल नेमके तेथेच अडखळते. म्हणून जिन्याची उंची तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत मोजावी आणि थराची जाडी आराखड्यातच धरावी.

घराचा ताबा घेताना साध्या टेपने पहिली, मधली आणि शेवटची पायरी मोजून पाहावी. तिन्ही मापे सारखी नसतील, तर त्याचा खुलासा वास्तुविशारदाकडे मागणे हा रहिवाशाचा हक्कच आहे.