ज्युनिअर कॉलेज ते जीनोम: दोन दारांचा इतिहास

लॅबमध्ये माझ्या शेजारच्या बेंचवर एक अमेरिकन मैत्रीण काम करते. परवा जेवताना ती सहज म्हणाली, "माझी सुरुवात ज्युनिअर कॉलेजातून झाली." मी म्हटलं, त्यात काय विशेष, आम्ही सगळेच अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजला करतो! मग उलगडा झाला. तिच्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे कम्युनिटी कॉलेजचं जुनं नाव. तिथे चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षं करायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं. याला म्हणतात ट्रान्सफर. "पण त्यात माझं एक वर्ष फुकट गेलं," ती म्हणाली. तिने केलेला ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा कोर्स नव्या विद्यापीठाने समतुल्य मानला नव्हता. ते वर्ष नेमकं कुठे गेलं हे शोधायला मी या व्यवस्थेचा इतिहास वाचायला घेतला. आजची पोस्ट त्यावरच.

गोष्ट सुरू होते शिकागोपासून. विल्यम रेनी हार्पर हे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष. पदवीची पहिली दोन वर्षं आणि पुढची दोन वर्षं या वेगळ्या पायऱ्या आहेत, असं त्यांचं मत होतं. विद्यापीठातच त्यांनी 'ज्युनिअर' आणि 'सीनिअर' कॉलेज असे भाग पाडले. मग पहिली पायरी विद्यापीठाबाहेर, विद्यार्थ्याच्या गावातच का नको? 1901 मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावच्या हायस्कूलमध्ये हा प्रयोग सुरू झाला. विद्यार्थी किती? फक्त सहा! जोलिएट ज्युनिअर कॉलेज आजही चालू आहे.

कॅलिफोर्नियाने ही कल्पना उचलली. पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय शिकवायची परवानगी हायस्कूलांना देणारा कायदा तिथे 1907 मध्ये झाला आणि 1910 मध्ये फ्रेस्नोला राज्यातलं पहिलं असं कॉलेज निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकायची सोय झाली आणि कॉलेजांत गर्दी उसळली. 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ होत गेलं.

खरा टप्पा आला 1960 मध्ये. कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा 'मास्टर प्लॅन' केला. क्लार्क कर हे त्यामागचं मोठं नाव. योजनेनुसार हायस्कूलमधल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं दार, वरच्या एक तृतीयांश मुलांना स्टेट कॉलेजांचं दार, आणि कम्युनिटी कॉलेज सगळ्यांना खुलं. म्हणजे अठराव्या वर्षी मार्क कमी पडले तर पहिलं दार बंद, पण दोन वर्षांनी ट्रान्सफरचं दुसरं दार उघडायची शक्यता शिल्लक.

या दुसऱ्या दारातून आलेलं एक नाव जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेलं असतं: क्रेग व्हेंटर. शाळेत अभ्यासात यथातथाच. व्हिएतनाम युद्धात नौदलाच्या वैद्यकीय सेवेत होते. परतल्यावर त्यांनी कॉलेज ऑफ सॅन मॅटिओ या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेतला, तिथून ट्रान्सफर होऊन सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेले. 1972 मध्ये बायोकेमिस्ट्रीची पदवी, 1975 मध्ये पीएचडी. 1995 मध्ये त्यांच्या गटाने हिमोफिलस इन्फ्लुएन्झा या जिवाणूचा सुमारे 18 लाख बेसपेअरचा संपूर्ण जीनोम वाचून काढला. स्वतंत्रपणे जगणाऱ्या सजीवाचा तो पहिलाच पूर्ण जीनोम. जून 2000 मध्ये मानवी जीनोमच्या आराखड्याची घोषणा झाली, तेव्हा व्हाइट हाउसमध्ये ते फ्रान्सिस कॉलिन्स यांच्यासोबत हजर होते.

इथे थांबलं तर गोष्ट फारच गोड होते. पण मास्टर प्लॅनच्याच वर्षी, 1960 मध्ये, बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाचा एक शोधनिबंध आला. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून त्यांनी म्हटलं की ट्रान्सफरचं स्वप्न घेऊन आलेल्या अनेकांना हे कॉलेज हळूहळू 'थंड' करतं. चाचण्या, समुपदेशन, पूर्वतयारीचे वर्ग असं करत करत विद्यार्थी छोट्या, नोकरीच्या कोर्सकडे वळतो आणि शेवटी त्याला वाटतं, हा माझाच निर्णय होता. ट्रान्सफरच्या इच्छेने आलेले बहुसंख्य विद्यार्थी आजही चार वर्षांच्या पदवीपर्यंत पोहोचत नाहीत.

जीवशास्त्रात हा धोका जास्त आहे, कारण आमचे विषय साखळीसारखे असतात. आधी जनरल केमिस्ट्री, मग ऑरगॅनिक, मग बायोकेमिस्ट्री. शिवाय गणित, भौतिकशास्त्र आणि प्रत्येकाचं प्रॅक्टिकल. इतिहासाचा एखादा पेपर पुढे-मागे केला तर बिघडत नाही. इथे एक कडी तुटली की पुढचं सगळं अडतं आणि तो कोर्स वर्षातून एकदाच असेल तर वर्षच जातं. म्हणून कॅलिफोर्नियात कॉलेजं आणि विद्यापीठं कोर्सनिहाय करार करतात: इकडचा अमुक कोर्स म्हणजे तिकडचा अमुक कोर्स. ऐकायला कंटाळवाणी कारकुनी वाटते, पण मैत्रिणीचं वर्ष तिथेच गेलं. ती राज्याबाहेरच्या विद्यापीठात गेली होती आणि तिच्या कोर्ससाठी तिथे असा करार नव्हता.

आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं असतात. तेही एक दुसरं दारच. विज्ञान शाखेत तशी रुळलेली वाट नाही. 2021 पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली आहे, म्हणजे क्रेडिट साठवता येतील. पण कॅलिफोर्नियाचा इतिहास सांगतो की क्रेडिट साठवणं आणि ते समोरच्याने स्वीकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तालुक्याच्या कॉलेजात केलेलं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल शहरातलं विद्यापीठ मान्य करणार का, हे प्रवेश घेतानाच मुलांना लेखी कळायला हवं.

मैत्रिणीला मी विचारलं, पुन्हा तीच वाट धरशील? ती म्हणाली, "हो. दुसरी परवडणारीच नव्हती. फक्त या वेळी केमिस्ट्रीचं आधी विचारून घेईन."