दुर्बिणीची शस्त्रक्रिया
पोटाला मोठा छेद न देता, साधारण ५ ते १० मिलिमीटरच्या छिद्रांतून कॅमेरा व अवजारे आत घालून केलेली शस्त्रक्रिया. कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. भारतातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली. स्नायू फारसे कापले जात नसल्याने वेदना, जखम चिघळणे व पुढे हर्निया होणे कमी. पित्ताशयाचा रुग्ण बहुधा एकदोन दिवसांत घरी जातो. अहिल्यानगरच्या ऊसपट्ट्यात, जिथे हात थांबला की मजुरी थांबते, हा लाभ लहान व्रणापेक्षा कितीतरी मोलाचा. रक्तस्राव झाल्यास वा आतडी चिकटलेली आढळल्यास पोट उघडावे लागू शकते. तशी संमती आधीच घेतात.