दिनविशेष : २८ मे १९४८ – मध्य भारत संघाचे उद्घाटन

ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून बनलेल्या 'मध्य भारत' या संघराज्याचे उद्घाटन २८ मे १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. विलीनीकरणाच्या करारनाम्यावर, म्हणजे आपली सत्ता संयुक्त राज्याकडे सोपवण्याच्या लेखी मान्यतेवर, संस्थानिकांच्या सह्या त्याच वर्षी २२ एप्रिलला झाल्या होत्या.

शिंदे व होळकर ही मराठेशाहीत उदयास आलेली दोन्ही घराणी माळव्यात दीर्घकाळ एकमेकांची प्रतिस्पर्धी होती, त्यामुळे एक राज्य की दोन, आणि राजधानी कोणती, हे प्रश्न कारभाराच्या सोयीपुरते उरले नव्हते, तर त्यांत प्रतिष्ठा गुंतली होती. सरदार पटेल आणि संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन यांनी एकाच संघाचा आग्रह धरला व तो योग्यच होता. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालाच्या दर्जाचे घटनात्मक प्रमुख, आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले. लीलाधर जोशी पहिले मुख्यमंत्री झाले. राजधानीचा वाद मात्र पूर्णपणे मिटला नाही, केवळ वाटून घेतला गेला : हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर.

ग्वाल्हेर संस्थानातील उज्जैनही याच संघात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विलीन झाला आणि राजधानी भोपाळला गेली.