आठातलं एक बी

आजी जाऊन सहा वर्षं झाली तरी तिची पत्र्याची ट्रंक कोणी उघडली नव्हती. गेल्या महिन्यात गावच्या घराची कौलं उतरवायची ठरली (उशिरा का होईना!) आणि ट्रंक माझ्याकडे पुण्याला आली. लुगडी, एक समई, आणि पितळी डब्यात कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या. आत राख चोळलेल्या बिया. वर आजीच्या अक्षरात ‘पडवळ’, ‘गोल दुध्या’, आणि एका पुडीवर ‘कुसुमकडचा वाल’. त्या पुडीत मोजून अकरा दाणे.

आता हे पेरायचे की ठेवायचे? पेरले आणि उगवलेच नाहीत तर पुडी संपली. ठेवले तर असेही मरणारच आहेत. दोन दिवस तो डबा टेबलावर तसाच पडून होता, आणि मला सारखी यान टेरलिंकच्या पाकिटाची आठवण येत होती. त्याच्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात आहे, तर आज लिहूनच टाकते.

टेरलिंक हा डच व्यापारी. १८०३ साली पूर्वेकडून मायदेशी परतताना तो आफ्रिकेच्या टोकाला, केपला थांबला. तेव्हा सगळीच जहाजं तिथे थांबत. पाणी भरायचं, ताजी भाजी घ्यायची आणि पुढे निघायचं. टेरलिंकने तिथून बिया घेतल्या. ३२ प्रकारच्या, कागदाच्या ४० लहान लहान पुड्यांमधे. काहींवर लॅटिन नावं लिहिलेली. या पुड्या त्याने लाल चामड्याच्या पाकीटवजा वहीत ठेवल्या आणि वहीवर आपलं नाव घातलं.

त्याचं जहाज प्रशियन होतं, ‘हेन्रिएट’ नावाचं. पण त्याच वर्षी ब्रिटन आणि डचांचं युद्ध पुन्हा पेटलं आणि इंग्रजांनी हे जहाज पकडलं. पकडलेलं जहाज खरंच शत्रूचं का, हे तेव्हा रीतसर कोर्टात सिद्ध करावं लागे. म्हणून जहाजावरचा कागदाचा चिटोरासुद्धा पुरावा म्हणून जप्त होई. पत्रं, हिशेब, वह्या, सगळं. त्यात टेरलिंकची लाल वहीही गेली. आधी टॉवर ऑफ लंडन, मग सरकारी दफ्तरखाना. खटला संपला, माणसं संपली, कागद राहिले. २००५ साली रूलॉफ फान गेल्डर हा डच अभ्यासक ही जुनी कागदपत्रं चाळत होता, तेव्हा ती वही त्याच्या हाती लागली. आत पुड्या जशाच्या तशा!

त्यातल्या एका पुडीत प्रोटियाच्या कुळातल्या एका झाडाच्या आठ बिया होत्या.

प्रोटिया म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेटच आठवतं. दक्षिण आफ्रिकेच्या टीमचं ते टोपणनाव. पण ते तिथलं राष्ट्रीय फूल आहे. रूपं इतकी तऱ्हेतऱ्हेची, की लिनियसने १७३५ साली या झाडांना प्रोटियस या रूप बदलणाऱ्या ग्रीक देवाचं नाव दिलं. हे कुळ आपल्याला अगदीच परकं नाही हं. पाचगणीला रस्त्याकडेला उंचच उंच सिल्व्हर ओक दिसतात ना, ते ओक नव्हेतच, ऑस्ट्रेलियातून आलेले याच कुळातले भाऊबंद आहेत.

टेरलिंकच्या पुडीतलं झाड म्हणजे ल्यूकोस्पर्मम. तिथल्या डोंगरउतारावर, खडकाळ निकस मातीत वाढणारं, चार-पाच मीटर उंचीचं, वेड्यावाकड्या फांद्यांचं. टाचण्या खोचलेल्या उशीसारखी पिवळी फुलं. केपला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. हे झाड तो निमूट सोसतं. लवदार पानं, जाड साल, आणि मुळांना ब्रशसारखे दाट झुपके, ज्यांनी ते मातीतलं असेल नसेल तेवढं स्फुरद ओढून घेतं. त्यामुळे लाडाने खत घालायला जाल तर झाड मरतं. डीएपी तर लांबच ठेवायचं!

त्याच्या बीची गंमत आणखी वेगळी. बीला एक मऊ पांढरा गर चिकटलेला असतो. त्यासाठी मुंग्या ते बी बिळात ओढून नेतात, गर खातात आणि बी तिथेच टाकून देतात. उंदरांपासून वाचलेलं हे बी जमिनीखाली वर्षानुवर्षं पडून राहतं. पाऊस पडला तरी उगवत नाही. ते वणव्याची वाट बघत असतं. वणवा आला की वरची झुडपं जळतात, उघडी पडलेली जमीन दिवसा तापते नि रात्री गार होते, धूर मुरतो, आणि मग पहिल्या पावसात बी उठतं. मोठ्या झाडांच्या सावलीत उगवून करणार काय? जागा रिकामी झाल्याशिवाय उठायचंच नाही.

हे वाचताना मला आपला कोकणातला राब आठवला. कवळ, पाचोळा, शेणी पसरून वाफा भाजायचा आणि मगच भाताचं बी टाकायचं. (कारण वेगळं आहे, मला माहीत आहे. तिथे तण मारायचं असतं नि राखेचं खत हवं असतं. पण त्या वासाने आठवण झालीच.)

तर मुद्दा असा, की हे धुराचं गुपित १८०३ मधे कोणालाच ठाऊक नव्हतं. युरोपात त्या काळी या झाडांचं मोठं वेड होतं. लंडनजवळ जॉर्ज हिबर्ट नावाच्या धनिकाने काचेच्या घरात प्रोटियांचा मोठा संग्रह केला होता आणि त्याचा माळी जोसेफ नाइट याने १८०९ साली त्यांच्या लागवडीवर पुस्तकही काढलं. पुढे काचघरं वाफेने तापवायची पद्धत आली. दमट उष्णता ऑर्किडना मानवली, कोरड्या वाऱ्याच्या प्रोटियांना नाही. वेड ओसरलं. एरवी आपण म्हणतो, बिचाऱ्या टेरलिंकच्या बिया जप्त झाल्या. मला मात्र वाटतं, जप्त झाल्या म्हणूनच राहिल्या. घरी पोचल्या असत्या तर कौतुकाने पेरल्या गेल्या असत्या, आणि उगवलेलं रोपही एखाद्या काचघरात सडून गेलं असतं. कोर्टाच्या कारकुनाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हे त्यांचं नशीब!

धुराचं कळलं ते थेट १९९० मधे. योहानेस डी लांगे आणि चार्ल्स बाउचर या दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की तिथलं एक दुर्मिळ झुडूप नुसत्या धुरानेही बीतून उगवतं. मग केपटाउनच्या कर्स्टनबॉश उद्यानात धुराचं पाणी करून कितीतरी जातींच्या बिया त्यात भिजवून पाहिल्या गेल्या. धुरातलं नेमकं कोणतं रसायन हे काम करतं, ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००४ मधे शोधलं. आणि त्यानंतर जेमतेम वर्षभराने लाल वही सापडली. आता याला काय म्हणावं!

वहीतल्या बिया ससेक्समधल्या मिलेनियम सीड बँकेत गेल्या. तिथल्या लोकांपुढे माझाच प्रश्न होता, फक्त दोनशे वर्षं जुना. ल्यूकोस्पर्ममच्या बिया आठच. ठेवल्या तर संग्रहात शोभतील, पेरल्या तर संपतील. त्यांनी पेरल्या. ३२ प्रकारांपैकी तीनच जागे झाले. लिपारिया नावाच्या झुडपाच्या २५ बियांमधल्या १६ उगवल्या. एका बाभूळवर्गी झाडाच्या दोनातली एक. आणि ल्यूकोस्पर्ममच्या आठातली एक. बाकीच्या सात मेलेल्या होत्या. त्या एकीचं रोप झालं. २००७ साली यावर शोधनिबंधही आला.

आजीचा वाल काही वणव्याची वाट बघणारा नाही. आपल्या दमट हवेत कडधान्याचं बी काही वर्षांतच दम सोडतं, राख लावलेली असली तरी. हे माहीत असूनही काल रात्री सहा दाणे ओल्या फडक्यात बांधले. पाच पुडीतच ठेवलेत. आठच्या आठ पेरायचं धैर्य माझ्यात नाही.

आणि मामा, मावशी, तुमच्यापैकी कोणीतरी सांगा. ही कुसुम कोण? आजीच्या बहिणींत कुसुम नव्हती, शेजारच्यांतही मला आठवत नाही. तिच्या घरी अजून हा वाल लावतात का, तेवढं कळलं तर बरं होईल.