इंजिनिअरिंग प्रवेश : आधी पैसे नको, आधी कागद! सीईटी ते कॅप राऊंड, सोप्या भाषेत

निगडी : बारावीची परीक्षा संपली की खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावच्या पालकांचे मोबाईल वाजायला लागतात. "निगडी-आकुर्डीत कॉम्प्युटरची एकच सीट राहिलीय, आज टोकन भरा, उद्या मिळायची नाही." पोराचं नुकसान नको म्हणून काही जण उसनवारी करून पैसे भरून मोकळे होतात. म्हणून प्रवेशात लवकर काय करायचं आणि कशाची घाई करायची नाही, हे एका जागी देत आहोत.

लवकर अर्ज केला म्हणून नंबर लागत नाही

निगडी प्राधिकरणात सेक्टर २६ मध्ये पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग (पीसीसीओई) आहे, १९९९ साली सुरू झालेलं. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. एक खासगी, एक सरकारी. पण दोन्हीकडच्या मुख्य जागा भरतात राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजेच 'कॅप'मधून.

कॅपमध्ये गुणवत्ता यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. अर्ज पहिल्या दिवशी भरला काय किंवा मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरला काय, नंबर तोच राहतो. दोघांचे पर्सेंटाइल सारखे आले तर आधी गणिताचा पर्सेंटाइल बघतात, मग फिजिक्सचा. अर्जाची तारीख कुठेच बघत नाहीत.

परदेशातल्या नातेवाइकांचं ऐकून काही जण गोंधळतात. अमेरिकेत नोव्हेंबरात लवकर अर्ज करायचा आणि डिसेंबरात उत्तर घ्यायचं अशी सोय बऱ्याच कॉलेजांत आहे. सॅटसारख्या परीक्षेचा स्कोअर द्यायचा की नाही, हेही काही ठिकाणी विद्यार्थीच ठरवतो. आपल्याकडे तसं नाही. सीईटीचा निकाल आल्याशिवाय कॅपमधली जागा कुणीही देऊ शकत नाही.

स्कोअर कुठे आणि कसा लागतो

पीसीएम ग्रुपची सीईटी २०० मार्कांची. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एक-एक मार्काचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ त्या सत्रात परीक्षा दिलेल्यांपैकी ९० टक्के पोरं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. २०२६ पासून ही सीईटी एप्रिल आणि मे अशी दोनदा घ्यायची आणि दोन्ही दिल्या तर जास्तीचा स्कोअर धरायचा, असं जाहीर झालं आहे.

बारावीचे मार्क यादीसाठी मुख्य नसले तरी पात्रतेसाठी लागतात. खुल्या प्रवर्गाला ठरलेल्या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गांना आणि ईडब्ल्यूएसला ४० टक्के. जेईई मेन दिली असेल तर तो स्कोअरही अर्जात जरूर भरा. खासगी कॉलेजांतल्या १५ टक्के ऑल इंडिया जागांसाठी तो आधी बघतात.

घाई करायची ती कागदांची

मार्क चांगले असूनही जागा जाते ती बहुतेक वेळा कागदापायी. अकरावी-बारावीतच हे करून ठेवा :

- जात पडताळणी (व्हॅलिडिटी) : जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणी वेगळी. पडताळणी जिल्हा समितीकडून होते. कॉलेजच्या सही-शिक्क्यानिशी बारावी सायन्सला असतानाच प्रकरण दाखल करा. जुने महसुली किंवा शाळेचे पुरावे शोधायला वेळ जातो.
- नॉन क्रिमीलेअर : ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना लागतं. ज्या वर्षी प्रवेश, त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलं पाहिजे. २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंतचं.
- ईडब्ल्यूएस दाखला : राज्याच्या नमुन्यातलाच हवा. केंद्राच्या नमुन्यातला चालत नाही.
- उत्पन्नाचा दाखला आणि वय-राष्ट्रीयत्व-अधिवास दाखला : तहसीलमधून, सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रामार्फत.
- आधार, दहावी आणि बारावी : तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच बघा.

व्हॅलिडिटी किंवा नॉन क्रिमीलेअर हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती जोडून फॉर्म भरता येतो. पण मूळ कागद द्यायची तारीख ठरलेली असते. ती चुकली की अर्ज खुल्या प्रवर्गात जातो. जूनमध्ये दाखल्यांसाठी सगळीकडेच गर्दी असते, त्यामुळे ही कामं उन्हाळ्याआधीच उरकलेली बरी.

फॉर्म भरताना

कागद तपासणी दोन पद्धतीने होते : घरबसल्या ई-स्क्रूटिनी किंवा सुविधा केंद्रावर जाऊन. ई-स्क्रूटिनीत चूक निघाली तर अर्ज परत येतो आणि तो दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो. म्हणून अर्जात मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, नेट कॅफेवाल्याचा नको. पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि ओटीपी कुणाला सांगू नका.

पुढे कॉलेजांचे पर्याय भरायचे. २०२५-२६ मध्ये चार राऊंड झाले आणि ३०० पर्यंत पर्याय देता येत होते. पहिल्या राऊंडला पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्याला पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर जागा आपोआप फ्रीझ होत होती. ती घ्यायची, नाहीतर पुढच्या राऊंडमधून बाहेर. म्हणून क्रम लावताना जे खरोखर हवं तेच वर टाका. शेजारच्याने टाकलं म्हणून नको असलेलं कॉलेज वर ठेवलं, तर तेच गळ्यात पडतं. आणि यंदाचं नियमपत्रक कॅप सुरू होताच वाचा, कारण राऊंड आणि फ्रीझचे नियम बदलतात.

'मॅनेजमेंट'च्या नावाखाली काय गमवाल

खासगी कॉलेजांत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्थास्तरावर असतात. त्यासुद्धा अर्ज मागवून गुणवत्तेनेच भरायच्या आहेत. ठरलेल्या फीच्या वर डोनेशन घेणं हा १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे पावती न देता पैसे मागणारा एजंट काय विकतो आहे, ते ओळखा.

यात मुलींच्या पालकांनी जास्त सावध राहावं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधूनच झालेला पाहिजे. मॅनेजमेंटमधून घेतला तर ही माफी नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही ती लागू नाही. म्हणजे निकालाआधी घाईने 'सीट बुक' केलेल्या मुलीचे आई-वडील चार वर्षं अशी फी भरत बसतात, जी कॅपमधून त्यांना भरावीच लागली नसती. मुलांनाही राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी मिळते, तिथेही प्रवेश कॅपचाच लागतो. दोन्हीसाठी महाडीबीटीवर दर वर्षी अर्ज करावा लागतो.

कधी काय करायचं

- अकरावी : जातीचा दाखला, नावातल्या दुरुस्त्या.
- बारावीचा दिवाळीपर्यंतचा काळ : व्हॅलिडिटीचं प्रकरण दाखल.
- जानेवारी ते मार्च : सीईटीचा फॉर्म, स्वतःच्या मोबाईलवरून.
- एप्रिल-मे : सीईटी. नवीन आर्थिक वर्ष लागलं की उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर आणि ईडब्ल्यूएस.
- निकालानंतर : कॅप नोंदणी, तपासणी, पर्याय. तारखा फक्त राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवर नाही.

तारखा चुकू नयेत म्हणून घरातल्या एकाने तरी कॅप सुरू झाल्यावर रोज संध्याकाळी संकेतस्थळ उघडून बघावं.